हजेरीची वही आणि दुसरा गुन्हा

नगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतली स्थानिक गुन्ह्यांची पानं चाळली तर दोन शब्द वारंवार भेटतात, ‘रेकॉर्डवरील’ आणि ‘सराईत’. त्यांच्या शेजारी आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा सरकारी शब्दही येऊन बसला आहे. मोटारसायकल चोरीचा तपास लागतो, स्थानिक गुन्हे शाखा टोळी पकडते, मोठ्यांची नावं छापून येतात आणि एखादा अल्पवयीन म्हणून निनावी राहतो. मग पारावर आणि चहाच्या टपरीवर चर्चा झडते, की हा पोरगा आधीही सापडला होता, रिमांड होममधून सुटला आणि पुन्हा तेच केलं, कायदाच मवाळ आहे. सुटलेली किती मुलं पुन्हा गुन्ह्याकडे वळतात याचा आकडा कुठल्या तरी सरकारी दप्तरात तयार असणार, हे या चर्चेत सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात सुटलेल्या मुलांचा काही वर्षं माग ठेवून काढलेला असा आकडा आपल्याकडे नियमितपणे प्रसिद्ध होत नाही. दप्तरात जे सापडतं ते वेगळ्याच कामासाठी जमवलेलं असतं, आणि त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो इतिहास नीट पाहिला तर ‘पुन्हा गुन्हा’ म्हणून जे मोजलं गेलं त्यात मुलाच्या वागण्यापेक्षा त्याच्यावर ठेवलेल्या नजरेचा वाटा मोठा होता, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात एका मोठ्या माणसापासून करावी लागते, कारण पोलिसी कागदांत ‘पुन्हा गुन्हा करणारा’ कसा घडतो ते त्याच्या बाबतीत स्वच्छ दिसतं. भागोजी नाईक हा नगरच्या पोलिसांत नोकरी केलेला भिल्ल. १८५५ मध्ये दंगा करणं आणि पोलिसांना अडथळा आणणं या आरोपांखाली त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला लावला. ती मुदत संपते न संपते तोच सगळ्यांची हत्यारं काढून घेण्याचा हुकूम आला. भागोजी घर सोडून निघाला आणि आज सिन्नर तालुक्यात असलेल्या नांदूर शिंगोट्याजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवून डोंगरात बसला. सुमारे पन्नास माणसं त्याला येऊन मिळाली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याला पकडायला गेला आणि मारला गेला. पुढे दोन वर्षं संगमनेर-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात धामधूम चालली आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये इंग्रज अधिकारी सूटर याच्या तुकडीशी लढताना भागोजी पडला. इंग्रजी दप्तराच्या भाषेत हा सरळ ‘पूर्वी शिक्षा झालेला’ इसम, जामिनाची मुदत सरताच पुन्हा वाईट मार्गाला लागलेला. मात्र पहिली शिक्षा, जामीन, हत्यारबंदी आणि उठाव ही साखळी पाहिली तर तिच्या निम्म्याहून अधिक कड्या सरकारनेच ओवलेल्या दिसतात. आज त्याला बंडखोर आणि वीर म्हणून आठवलं जातं. दुसरा गुन्हा कशाला म्हणायचं हे कोणी आणि केव्हा ठरवलं यावर किती अवलंबून असतं, ते इथे कळतं.

भागोजी पडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्या ७५व्या कलमाने दुसऱ्या गुन्ह्याला कायद्यात स्वतंत्र जागा दिली. चोरीसारख्या मालमत्तेच्या, किंवा खोट्या नाण्यांच्या, तीन वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस तशाच गुन्ह्यात पुन्हा सापडला, तर शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत चढवता येऊ लागली. साधी चोरीही या हिशोबात बसत होती. साहजिकच आधीची शिक्षा सिद्ध करणं हे पोलिसांचं मोठं काम झालं. कोणाला पूर्वी किती वेळा शिक्षा झाली याचे तक्ते तुरुंगाच्या वार्षिक अहवालांत येऊ लागले आणि कैद्यांची ‘सराईत’ व ‘प्रसंगोपात्त’ अशी विभागणी झाली. माणूस नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात पकडला गेला तर ओळखायचा कसा, या अडचणीवर १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगठ्याच्या ठशांचं दप्तर उघडलं. त्याची वर्गवारीची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांचा हात मोठा होता. गुन्हेगारीचा अभ्यास म्हणून यातलं काही सुरू झालं नव्हतं. सगळी यंत्रणा उभी राहिली ती वाढीव शिक्षा देता यावी म्हणून. त्यामुळे तिने जमवलेले आकडे, शिक्षा वाढवायला ज्यांची माहिती हाताशी होती, त्यांच्यापुरतेच होते.

मुलांच्या बाबतीत ही गोम आणखी ठळक दिसते. १८६४च्या कायद्याने अल्पवयीन आरोपीला तुरुंगाऐवजी फटके मारायची मुभा दिली, आणि फटक्यांची शिक्षा देशातून गेली ती थेट १९५५ मध्ये. एखाद्या पोराने बाजारात चोरी केली, मॅजिस्ट्रेटने वेताचे फटके ठोठावले आणि त्याच दिवशी त्याला सोडून दिलं, तर तो तुरुंगाच्या दारात गेलाच नाही. तुरुंगाच्या तक्त्यात त्याची पहिली खेप दिसत नाही आणि दुसरीही दिसत नाही. उलट कोणी जामीन द्यायला नाही, गाव नाही, ओळख नाही असा पोरगा आत गेला, की त्याच्या नावापुढे पहिला आकडा चढला. म्हणजे मोजणीला सुरुवात होण्याआधीच कोण मोजला जाणार हे ठरून गेलेलं असे, आणि ते ठरवण्यात गुन्ह्यापेक्षा मुलाच्या पाठीशी कोण उभं आहे याचं वजन जास्त पडे.

कोण मोजला जाणार हे थेट जमातीवरूनच ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणता आला आणि १९२४ मध्ये सगळ्या तरतुदी नव्याने एकत्र बांधल्या गेल्या. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा कित्येक जमाती या यादीत गेल्या. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या नगरच्या कोरडवाहू दक्षिण भागात पाल ठोकून फिरणाऱ्या माणसाला कायदा भेटायचा तो हजेरीच्या रूपाने. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी पाटलापुढे किंवा पोलिसापुढे उभं राहायचं, वहीत नाव तपासून घ्यायचं, परगावी जायचं तर पास काढायचा, पोहोचल्यावर तिथल्या पाटलाला तो दाखवायचा, परतल्यावर पुन्हा कळवायचं. तितर-ससे धरायला फास लावून रानात रात्र काढणाऱ्याला पाटलाची वेळ पाळणं कसं जमावं? एक हजेरी चुकली की तोच गुन्हा. त्या गुन्ह्याची शिक्षा पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी त्याहून जास्त, तिसऱ्या वेळी आणखी जास्त अशी पायऱ्यांनी चढत जायची. कोणाचीही कोंबडी न चोरता माणूस पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा ठरू शकत होता. अनुसूचीत दिलेल्या गंभीर गुन्ह्यांसाठी तर दुसऱ्या खेपेला किमान सात वर्षं आणि तिसऱ्या खेपेला जन्मठेप असा दंडकच होता, विशेष कारण नोंदवूनच कोर्टाला तो शिथिल करता येई.

याच कायद्याने नोंद झालेल्या कोणाच्याही अंगठ्याचे ठसे केव्हाही घ्यायचा अधिकार दिला. इतर माणसाचे ठसे घ्यायला १९२०च्या स्वतंत्र कायद्याने शिक्षेच्या किंवा अटकेच्या अटी घातल्या होत्या. पारध्याचा ठसा दप्तरात असायला तो पारधी असणं पुरेसं होतं. आता दोन पोरं डोळ्यांपुढे आणू. एक नगर शहरातल्या पेठेतलं, दुसरं कर्जतजवळच्या पालातलं, आणि दोघांनी आयुष्यात दोनदा सारखीच चोरी केली. पेठेतल्याचा ठसा नाही, हजेरी नाही, बापाची गावात ओळख आहे. दुसऱ्याचा बाप नोंदीत आहे, आसपास चोरी झाली की पोलिस आधी त्याच्या पालावर येतात. पुन्हा सापडण्याचं प्रमाण काढलं तर ते पालातल्या पोरांमध्ये कितीतरी जास्त निघणार, वागणं तंतोतंत सारखं असलं तरी. डोंगरातल्या अतिपावसाच्या घाटघर-रतनवाडीला पर्जन्यमापक लावायचा आणि त्या आकड्यावरून जामखेडच्या पावसाचा अंदाज बांधायचा, तशातली ही गत. पुढे हाच फुगलेला आकडा, ही जमात जन्मजात गुन्हेगार आहे याचा पुरावा म्हणून मांडला जाई, त्या पुराव्यावर हजेरी आणखी आवळली जाई आणि आकडा आणखी वाढे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. या जमातींतले काही लोक दरोडे घालत होते, घरं फोडत होते, हे खोटं होतं का? नव्हतं. गावकऱ्यांची भीती पोलिसांनी मनाने रचलेली नव्हती, आणि रात्री खळ्यावरचं धान्य गेलेल्या शेतकऱ्याला वसाहतवादाची चिकित्सा ऐकवून उपयोग नाही. पण काही जण चोरी करत होते, या विधानावरून किती जण आणि किती वेळा याचं उत्तर निघत नाही, आणि त्यांच्या मुलांपैकी किती जण तेच करतील याचं तर नाहीच नाही. हे शेवटचं उत्तर कायद्याने स्वतःच गृहीत धरून टाकलं होतं. १८९७च्या दुरुस्तीने नोंद झालेल्या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारवस्तीत ठेवायची सोय केली, पुढच्या कायद्यांत ते वय सहा ते अठरा झालं. चार वर्षांच्या पोराला पहिला गुन्हा करायलाही सवड मिळाली नव्हती. त्याच्या दुसऱ्या गुन्ह्याचा बंदोबस्त मात्र आधीच झाला होता.

याच काळात मुलांच्या पुढच्या वाटचालीची मोजणी खरोखर करू पाहणारी एक संस्था होती आणि तिला तिचं श्रेय द्यायला हवं. १८७६ आणि १८९७च्या कायद्यांनी सुधारशाळा उभ्या राहिल्या. नव्या कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांखालच्या दोषी मुलाला तीन ते सात वर्षं तिथे ठेवून सुतारकाम, शिवणकाम, शेतकाम शिकवायचं आणि अठराव्या वर्षी सोडायचं. पुण्याजवळची येरवड्याची सुधारशाळा अशीच. अशा शाळांच्या वार्षिक अहवालांत सुटलेल्या मुलांचं पुढे काय झालं याचा तक्ता देण्याची पद्धत होती. किती जण शिकलेल्या धंद्यात आहेत, किती दुसऱ्या कामात, कितींना पुन्हा शिक्षा झाली, किती मेले आणि किती जणांचा ठावठिकाणा लागत नाही, असे त्याचे रकाने. कल्पना चांगली होती. इथे सुटलेल्यापासून सुरुवात करून पुढे पाहिलं जात होतं, आणि पुनरपराधाचा दर काढायची योग्य दिशा तीच. घोडं पेंड खायचं ते शेवटच्या रकान्यात. ठावठिकाणा नसलेल्यांना एकूण संख्येतून वजा केलं की यशाचं प्रमाण झकास दिसतं, सगळ्यांना बिघडलेले धरलं की शाळा बंद करावीशी वाटते, आणि खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. सरळमार्गी लागलेला पोरगा पोलिसांना आपला पत्ता का सांगेल? शोध लागत नसलेल्यांत नीट मार्गी लागलेले बरेच असणार. मात्र तसं धरून चालणंही सोयीचंच झालं असतं.

मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहती बांधल्या त्या ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने. सोलापूरची वसाहत त्यांत नावाजलेली. तिथल्या गिरण्यांना माणसं हवी होती आणि सरकारला तारेच्या कुंपणात माणसं कामाला लावायची होती. ती वसाहत चालवण्यात अमेरिकन मराठी मिशनचा सहभाग होता. १८३१ पासून नगरला ठाण मांडून शाळा आणि चर्चं उभारणारं हेच ते मिशन. सोलापुरात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. देशात इतरत्र अशा वसाहती चालवणाऱ्या साल्व्हेशन आर्मीच्या बूथ-टकरने तर गुन्हेगार बरा करण्याचं एक शास्त्रच कल्पून त्याला भारदस्त नावही दिलं होतं. वसाहतीचं यश मोजायचं ते किती जण पळाले, कितींना शिक्षा झाली, किती जण गिरणीत टिकले आणि किती जणांना परवान्यावर बाहेर सोडता आलं यावरून. स्टार्टच्या हेतूंबद्दल मी शंका घेत नाही. दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या १९२८च्या समितीचा तो अध्यक्ष होता, डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा त्या समितीवर होते, आणि त्या अहवालाने पुढे बरंच काम केलं. पण कुंपणाच्या आत चोऱ्या कमी झाल्या हा वसाहतीचा विजय मानायचा तर कुठल्याही तुरुंगाला तोच मान द्यावा लागेल. बाहेर पडल्यावर काय झालं हा खरा प्रश्न, आणि तो विचारावा तर बाहेर पुन्हा हजेरीची वही होतीच.

स्टार्टचा अहवाल तयार होत होता त्याच सुमारास अमेरिकेत शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक हे दांपत्य बॉस्टनच्या बालन्यायालयातून गेलेल्या एक हजार मुलांचा माग काढत होतं. १९३४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. पाच वर्षांच्या काळात ८८ टक्के मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली होती. न्यायालय आणि त्याला जोडलेलं समुपदेशन केंद्र यांच्यावर तिकडे कौतुकाचा वर्षाव होत होता, त्यामुळे हा आकडा बॉम्बसारखा पडला. पुढे १९७२ मध्ये मार्विन वोल्फगांगने फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३५ टक्क्यांचा पोलिसांशी कधी ना कधी संबंध आला होता, आणि त्यातल्या ६२७ जणांनी, म्हणजे सगळ्या मुलांतल्या जेमतेम सहा टक्क्यांनी, निम्म्याहून अधिक गुन्हे केले होते. दोन्ही कामांवर टीका झाली आणि दोन्हींत पोलिसांच्याच नोंदी वापरल्या होत्या, त्यामुळे नजरेचा दोष तिथेही होताच. तरी एक फरक फार मोलाचा. ठरलेली मुलं घ्यायची, ठरलेला काळ पाहायचा आणि मग मोजायचं. इंग्लंडमध्ये आज अल्पवयीनांच्या पुनरपराधाचा अधिकृत दर काढतात तो असाच. सुटल्यापासून वर्षभरात केलेला गुन्हा धरायचा आणि खटला पूर्ण होऊन दोष सिद्ध व्हायला आणखी सहा महिने द्यायचे. त्या दरावर वाद घालता येतो, कारण तो कशाचा दर आहे हे माहीत असतं.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९४९ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला, आणि त्यातून सुटलेल्या विमुक्त जमाती तो दिवस अजून पाळतात. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबईचा १९५९चा. आता जमात म्हणून कोणाची नोंद होत नव्हती, वारंवार शिक्षा झाली हा निकष होता. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण आधीच्या शिक्षा कोणत्या नजरेखाली झाल्या होत्या हे आठवलं की जुनी वहीच नव्या कव्हरात आली असं म्हणावं लागतं. मुलांसाठीचे कायदे या वाटेने गेले नाहीत, हे बरं झालं. १९२४चा मुंबईचा मुलांचा कायदा, मग १९४८चा, नंतर १९८६, २००० आणि २०१५चे बालन्याय कायदे, अशी ही परंपरा आहे. मात्र यात एक गंमत झाली, निदान मोजणाऱ्याच्या दृष्टीने. १९८६च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच बाल होता, मुलगी अठरापर्यंत. नवा कायदा १ एप्रिल २००१ पासून लागू झाला आणि दोघांचीही मर्यादा अठरा झाली. सतरा वर्षांचा श्रीगोंद्याचा पोरगा मार्चमध्ये प्रौढ आरोपी होता, एप्रिलमध्ये बालक. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची सलग मालिका लावून गुन्हेगारी वाढली की घटली सांगणारा माणूस बहुधा कायद्याच्या तारखा मोजत असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात बरीच वर्षं पकडलेल्या अल्पवयीनांचे ‘नवे’ आणि ‘जुने’ असे दोन भाग दिले जात, आणि जुन्यांची टक्केवारी पुनरपराधाचं प्रमाण म्हणून बातम्यांत जाई. इथे दिशा उलटी आहे. या वर्षी सापडलेल्यांना पकडून मागे पाहिलं जातं. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला शंभर मुलं पकडली गेली, त्यांत दहा जुनी. प्रमाण दहा टक्के. पुढच्या वर्षी शाळागळती रोखली गेली, पोलिसांनी किरकोळ भांडणं समज देऊन मिटवली, नवी मुलं नव्वदवरून चाळीसवर आली, जुनी दहाच राहिली. प्रमाण एकदम वीस टक्के. एकही मुलगा पूर्वीपेक्षा वाईट वागला नाही, उलट जिल्ह्याचं भलं झालं, आणि मथळा मात्र पुनरपराध दुप्पट झाल्याचा. याच्या उलटही होऊ शकतं. २०१६च्या नमुना नियमांप्रमाणे गंभीरातला गंभीर गुन्हा किंवा प्रौढांबरोबर केलेला गुन्हा नसेल तर मुलावर गुन्हा नोंदवायचा नाही, डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह बालन्याय मंडळाकडे पाठवायचं. हा नियम जिथे काटेकोर पाळला जाईल तिथे आकडा घटेल आणि जिथे पाळला जाणार नाही तिथे फुगेल. शिवाय अठरा पूर्ण झालेला मुलगा पुन्हा सापडला तर तो प्रौढांच्या तक्त्यात जातो, मुलांच्या तक्त्यात तो कायमचा सुधारलेला.

इथे दुसरा आणि जास्त अवघड आक्षेप येतो. मोजणी इतकी फसवी असेल, आणि तिचा इतिहास इतका काळा असेल, तर ती सोडूनच का देऊ नये? विमुक्त जमातींत काम करणाऱ्यांना हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०१५चा कायदाही एका अर्थी त्यांच्याच बाजूचा आहे. मुलाला नव्याने सुरुवात करू द्यावी हे त्यात तत्त्व म्हणून लिहिलं आहे, प्रौढ म्हणून खटला चाललेली मुलं सोडली तर दोषी ठरल्यामुळे पुढे कसलीही अपात्रता येत नाही, चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी जुनी प्रकरणं उघड करायची नाहीत, आणि अपिलाची मुदत संपल्यावर, निर्घृण गुन्ह्यांचा अपवाद सोडून, नोंदी नष्ट करायच्या आहेत. नोंदीच नष्ट होणार तर दुसऱ्या गुन्ह्याचा दर कुठून काढणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरी मोजणी सोडू नये असंच मला वाटतं, आणि कारण मुलाच्या बाजूचंच आहे. मोजणी नसते तेव्हा अफवा तिची जागा घेते. एका भयंकर घटनेनंतर सोळा-सतराच्या सगळ्या मुलांना प्रौढ धरा अशी मागणी होते, तेव्हा बहुसंख्य मुलं पुन्हा त्या दारात येत नाहीत, हे किंवा याच्या उलट काही, कोणालाच पुराव्याने सांगता येत नाही. २०१५च्या कायद्यात निर्घृण गुन्ह्याच्या आरोपातल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची प्राथमिक पारख करून त्याला प्रौढांच्या खटल्याकडे पाठवण्याची वाट उघडली गेली ती अशाच वातावरणात. आणि मोजायचं कोणाला? आजवर मुलाला मोजलं. मोजायला हवं निरीक्षणगृहाला, विशेष गृहाला, परिविक्षा अधिकाऱ्याच्या कामाला. त्यासाठी नाव लागत नाही, जात तर नाहीच लागत. अमुक वर्षी मंडळाने निकाली काढलेली प्रकरणं इतकी, त्यातल्या मुलांपैकी दोन वर्षांत पुन्हा मंडळापुढे किंवा कोर्टापुढे दोषी ठरलेली इतकी, एवढी बेरीज नोंद नष्ट करण्याआधी उतरून ठेवायला कायद्याची आडकाठी दिसत नाही. प्रमाण पकडले गेलेल्यांचं काढायचं की दोषी ठरलेल्यांचं, हे नगरसारख्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं आहे, कारण पालावरून संशयाने उचलून आणणं अजून इतिहासजमा झालेलं नाही. अटक मोजली की हजेरीची वही परत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतल्या कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्तांना सराईत समजणाऱ्या तुरुंग नियमावल्यांवर बोट ठेवलं. १८७१ला सुरू झालेल्या हिशोबातला एक रकाना बंद व्हायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. १७ हजार चौरस किलोमीटरच्या, चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात सुटलेल्या मुलांचा माग कोण ठेवणार? अकोल्याच्या डोंगरातून जामखेडच्या सीमेपर्यंत जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि परिविक्षा अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अडचण खरी आहे. पण माग ठेवणं म्हणजे दर आठवड्याला दार वाजवणं असं मानलं तरच ती एवढी मोठी होते, आणि ते दार वाजवणं पुन्हा पाळतीकडेच जातं. वर्षातून एकदा, पोलिसाने नव्हे तर मंडळाच्या सामाजिक कार्यकर्त्याने, मुलगा शिकतोय की कामाला आहे एवढं विचारलं तरी येरवड्याच्या तक्त्याच्या पुढे पाऊल पडेल. मात्र भेटीचा महिना विचार करून निवडावा लागेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कित्येक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात घरी येतात. जानेवारीत त्या वस्त्यांवर गेलेल्या माणसाला घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी दिसेल, आणि तो कागदावर ‘ठावठिकाणा नाही’ असं लिहून परत येईल. मुलगा तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात आईबापांबरोबर मोळ्या बांधत असेल. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, गेलं तर तो घरीच सापडेल. आणि तरीही जे सापडणार नाहीत त्यांची संख्या वेगळ्या ओळीत, कोणत्याच बाजूला न ढकलता, तशीच छापावी.